दर अमावास्येला एक टॉवेल

आमच्या घरात टॉवेलांना नंबर आहेत. आई आंघोळीला निघाली की मोरीतून ओरडते, "अगं, दोन पॉइंट चार कुटं गेला? ह्यो तीन पॉइंट एक लई खरबरीत हाय!" बाहेरच्या माणसाला वाटावं, म्हातारी तापात बरळतेय. पण प्रत्येक टॉवेलाच्या कोपऱ्यात एक मोर विणलेला असतो, मोराच्या पायाखाली नंबर असतो, आणि तो नंबर माझ्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा असतो. कपाट भरलं, ट्रंक भरली, शेजारणींना वाटून झाले, तरी टॉवेल संपत नाहीत. एवढे टॉवेल असलेल्या घरातली बाई सुखी असणार असं कुणालाही वाटेल. मी नव्हते.

सॉफ्टवेअर साधं आहे. तुम्ही पडद्यावर नक्षी काढायची, मोर, कमळ, हत्ती, काय हवं ते. माझं सॉफ्टवेअर त्या चित्राची फाइल करतं, ती पेन ड्राइव्हवरून मागाला द्यायची, मग कोणता धागा कधी उचलायचा हे मागाला कळतं. मी ते ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आतलं उघडून बघावं, पाहिजे तर बदलावं, फक्त बदललेलं सगळ्यांना द्यावं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होते, फावल्या वेळात हा उद्योग. हळूहळू कुठल्या कुठल्या देशांतले हौशी विणकर ते वापरायला लागले, काही जण दुरुस्त्या पाठवायला लागले. मला काय, आभाळ ठेंगणं झालं!

पण त्याचा खरा जन्म अण्णांच्या कारखान्यातला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलांचे माग आहेत. घराणं तेलुगू विणकरांचं. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि माग बिघडला की दोन्ही एकदम. माझे वडील त्यांच्याकडे हिशेबनीस होते, त्यामुळे लहानपणापासून जाणं-येणं. मला ते 'मॅडम' म्हणतात. मी नोकरीला लागायच्या आधी 'पोरगी' म्हणायचे.

पहिल्या वर्षी मी मनाला येईल तेव्हा नवी आवृत्ती सोडायची. चूक सापडली, दुरुस्त केली, लगेच सोडली. कौतुक वाटायचं स्वतःचंच. एकदा अण्णांच्या माणसाने ऑर्डर अर्धी झालेली असताना नवीन आवृत्ती घातली. अर्ध्या टॉवेलांवर मोर डावीकडे बघणारे, अर्ध्यांवर उजवीकडे. व्यापाऱ्याने गठ्ठा परत पाठवला. अण्णा मला ओरडले नाहीत. दोन टॉवेल टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि म्हणाले, "मॅडम, मोर भांडून बसल्यात बगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी ठरवलं, हे मनमानीचं काम बंद. ठरलेला दिवस हवा. महिन्यातून एकदाच रिलीज, तेही पूर्ण तपासून. आणि तपासायचं म्हणजे पडद्यावर नाही, खऱ्या मागावर एक टॉवेल विणून. मोराची मान नीट आली तरच जगाला द्यायचं.

आता दिवस कोणता? मी म्हटलं, एक तारीख. अण्णा म्हणाले, एक तारखेला मला मरायला फुरसत नसते. मी म्हटलं, रविवार. ते म्हणाले, रविवारी कधी लाइट नसते, कधी ऑर्डर असते, त्याचा काय नेम न्हाय. मग मीच चिडून म्हटलं, "अहो अण्णा, तुमचा माग नक्की रिकामा असतो तरी कधी?"

"अमावास्येला," ते म्हणाले. "त्या दिवशी आमी माग लावत न्हाय. वाडवडलांपासून सुट्टी हाय ती. समदे बंद."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! आमचं घर बौद्ध. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात जायचं, घरी खीर करायची. अमावास्या कधी आली, कधी गेली, आम्हाला पत्ता नसायचा. शिवाय मी हुशारीने विचार केला. अमावास्येला कुणी लग्न काढत नाही, साखरपुडा करत नाही, वास्तुशांत करत नाही. म्हणजे माझं कुठलंच कार्य बुडणार नाही! महिन्यातला सगळ्यात रिकामा दिवस, कुणालाच नको असलेला. तो मी घेतला, आणि अण्णाही म्हणाले, "तुमच्यापुरता एक माग लावू की."

नियम लिहून काढले आणि जाहीर केले. वद्य एकादशीपासून कोडचा उपास. म्हणजे नवीन काही घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. अमावास्येला अण्णांच्या मागावर टॉवेल विणायचा, त्याचा फोटो टाकायचा, मग रिलीज. परदेशातली मंडळी खूश. अमावास्येचं वेळापत्रक म्हणे किती सुंदर! एकाने लगेच चंद्राचं गणित करून पुढच्या सगळ्या तारखा काढल्या, त्या पंचांगाशी जुळेनात. कधी अमावास्या दुपारी लागायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपायची. मग नेमका दिवस कुठला? आठवडाभर वाद. शेवटी मी वैतागून लिहिलं, "ज्या दिवशी अण्णांचे माग बंद, तो दिवस." तेव्हापासून जगभरातली माणसं अण्णांच्या शटरकडे डोळे लावून बसली. मी नवी पेठेतल्या बाजारातून चौकटी मोठ्या असलेलं कॅलेंडर शोधून आणलं आणि भिंतीवर लावलं. आई म्हणाली, "बाबासाहेबांच्या लेकीच्या घरात आवस बघायला कॅलेंडर! तुझा बाप असता तर हसून मेला असता."

हे सगळं ठरलं तेव्हा माझं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. नवरा इथेच विम्याच्या ऑफिसात होता. मग त्याची बदली पुण्याला झाली. बढती होती, नाही कसं म्हणणार? ठरलं असं की त्याने पुढे जायचं, घर बघायचं, मी तोवर आईकडे राहायचं आणि कॉलेजचं सत्र संपलं की जायचं. तासिका तत्त्वावरची नोकरी सोडायला काय लागतं? आई म्हणाली मी माझी राहते, तुझा धाकटा भाऊ येऊन-जाऊन असतो, तू जा. म्हणजे मला अडवणारं खरं तर कुणीच नव्हतं.

सत्र संपलं. नवऱ्याचा फोन आला, "कधी येतेस?"

म्हटलं, "ही अमावास्या झाली की येते. मोठा रिलीज आहे."

"बरं," तो म्हणाला.

तो त्याचा पहिला 'बरं'. चांगला मोकळा, हसरा होता.

मग पुढच्या महिन्यात त्या मोठ्या रिलीजमधल्या चुका निघाल्या. त्या पुढच्या अमावास्येला दुरुस्त करायच्या. मग कुणीतरी नवीन जातीच्या मागासाठी मदत मागितली. मग ती. मी पुण्याला जायची, चार दिवस राहायची, स्वयंपाकघरात फडताळं लावायची आणि एकादशी आली की बस धरून परत. वाटेत मोडनिंबला बस थांबली की चहा घ्यायची आणि दर वेळी वाटायचं, आपण सासरहून माहेरी चाललोय की माहेरहून सासरी? काही कळायचं नाही. 

आणि त्या रिकाम्या दिवसाचं तरी काय सांगावं! लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण वेळापत्रक लिहिताना डोक्यात आलं नाही, बोंबला! दिवाळीला नवरा चार दिवसांची रजा काढून आला आणि मी आपली लॅपटॉप घेऊन अण्णांकडे. तिथे मागांना झेंडू घातलेले, पूजा मांडलेली, अण्णांच्या घरचे ठेवणीतले कपडे घालून उभे, आणि मी मधे पेन ड्राइव्ह घेऊन. अण्णांनी पूजा आटपून हार बाजूला केला आणि माझ्यासाठी एक माग सुरू केला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला त्रास." ते म्हणाले, "त्रास कसला, तुमी आपल्याच की."

येळवशीला नवऱ्याच्या मित्राने शेतावर बोलावलं होतं. त्या अमावास्येला अक्कलकोटकडची सगळी दुनिया शेतात जेवते. आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, झाडाखाली पंगती. नवरा लग्नाच्या आधीपासून सांगत होता, एकदा तुला दाखवायचंय. तो पुण्याहून थेट शेतावर गेला, एकटा. संध्याकाळी येताना माझ्यासाठी डब्यात भज्जी आणली. मी टॉवेल नीट आला नाही म्हणून चिडलेली होते. थंड भज्जी उभ्या उभ्या खाल्ली आणि म्हटलं, "मीठ कमी आहे." त्याने डबा घासून ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं.

पुण्यातल्या एका कंपनीत माझ्यासाठी त्याने चौकशी केली होती. मुलाखतीला बोलावलं. दिवस बघितला तर अमावास्या! मी त्यांना कळवलं, दुसरा दिवस मिळेल का? ते म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत.

एकदा त्याने सरळ विचारलं, "अण्णा टॉवेल विणून फोटो पाठवतील की. तू इथून दाब ना बटण."

"फोटोत मान कळत नाही," मी म्हटलं. "तिथेच बसून कोड बदलावा लागतो. आणि अण्णांचा धंदा त्याच्यावर आहे. पुन्हा मोर फिरला तर?"

"बरं," तो म्हणाला. हा बरं पहिल्यासारखा राहिला नव्हता. धुऊन धुऊन विटला होता.

मी सोडून का दिलं नाही, असं कुणीही विचारेल. मी स्वतःला रोज विचारायचे. पण ते धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दर महिन्याला लोक वाट बघायचे. कोण कुठली बाई लिहायची की तुमच्या मोराचा फोटो आला की मी माझ्या मागावर बसते. आणि इथे अण्णा, सुट्टीच्या दिवशी शटर उघडून बसणारे. एवढी माणसं माझ्या शब्दावर अवलंबून, आणि शब्द मीच दिलेला, कुणी मागितला नव्हता. कॅलेंडरचं पान उलटलं की माझी नजर आधी त्या काळ्या गोळ्यावर जायची. तुरुंगातल्या माणसाला निदान सुटकेची तारीख असते. मला एक रिलीज झाला की दुसरी तारीख. रागही कुणावर काढायचा? आईवर काढायचे. तिने चार पॉइंट दोनने गॅसचा ओटा पुसला म्हणून मी तिच्याशी दिवसभर बोलले नव्हते. वेडच ते.

मग एका दिवशी नवऱ्याने फोनवर सांगितलं की घरमालक विचारतोय, फ्लॅट ठेवणार का? एकट्याला दोन खोल्या कशाला, ऑफिसजवळ एक खोली मिळते, तिथे जाऊ का? भांडणाचा सूर नव्हता. भाजी कोणती आणू असं विचारावं तसं त्याने विचारलं. आणि मला धडकीच भरली. एका खोलीत तो गेला म्हणजे त्या खोलीत माझी जागा नाही. मी म्हटलं, "थांब. दोन दिवस थांब. मी अण्णांशी बोलते."

मनात ठरवून ठेवलं होतं. सांगायचं, अण्णा, आता दर अमावास्येला नाही जमणार, तीन महिन्यांतून एकदा येईन. तुमची अडचण मला कळते, पण माझा संसार मोडायला आलाय. रिक्षात सगळी वाक्यं घोकत गेले. 

तो साधा मंगळवार होता. अमावास्या सोडून मी कितीतरी दिवसांत कारखान्यात गेलेच नव्हते. सगळे माग चालू, कानठळ्या बसवणारा खडखडाट. अण्णा मागे कुणाशी तरी बोलत होते, म्हणून मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसले. अमावास्येला तो बंदच असायचा, मी माझ्या लॅपटॉपवरून फाइल द्यायची. त्याच्यावर माझं सॉफ्टवेअर उघडंच होतं. खाली कोपऱ्यात नंबर.

एक पॉइंट नऊ.

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. चष्मा पुसला. एक पॉइंट नऊ! मोर भांडले त्यानंतर अमावास्येचा जो अगदी पहिला रिलीज झाला, तो. त्यानंतरचं एकही यंत्रात नाही. उठून मागांवरचे टॉवेल बघितले. सगळे मोर एक पॉइंट नऊचे, सरळ मानेचे, एका दिशेला बघणारे, सुखात.

अण्णा आले. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. त्यांनी आधी चहा सांगितला.

"अण्णा, हे काय?"

"काय की," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हातावरची रुई झटकत बसले.

"मी दर महिन्याला देते ते घालत नाही तुम्ही?"

"अमावास्येला नवीन काय घालत न्हाईत मॅडम आमच्यात."

 "मग दिवस तुम्हीच सांगितला ना?"

"तुमी विचारला माग रिकामा कवा असतो. मी सांगितलं. नवीन घालायला कवा बरं, ते कुटं विचारला?"

"दुसऱ्या दिवशी घालायचं!"

"दुसऱ्या दिवशी ऑर्डर चालू असती. भांडन मिटवायला पहिलं तेवडं घातलं, ती ऑर्डर संपल्यावर. आनि खरं सांगू का, जुनं बरं चाललंय. मोर सरळ हाय. सरळ मोराला कशाला डिवचायचं?"

"मग मला सांगायचं नाही होय?" माझा आवाज मागांच्याही वर गेला असणार, कारण दोन माणसं वळून बघायला लागली.

अण्णा खरंच वरमले. "तुमी एवडं मनापासून येता. पुण्यास्नं येता. तुमच्या वडलांची मुलगी. नगं कसं म्हनायचं?"

तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. घर कारखान्याला लागूनच आहे. त्यांना सगळे अक्का म्हणतात आणि त्यांची जीभ अण्णांसारखी मऊ नाही. त्या आधी अण्णांना तेलुगूत काहीतरी बोलल्या. अण्णांनी हाताने थांबवलं. त्या थांबल्या नाहीत.

"आमची मुलगी हैदराबादला दिली, तुम्हाला माहिती हाय," त्या मला म्हणाल्या. "माग बंद असतात तो एकच दिवस. त्याला जोडूनच आम्हाला जायला होतं. पण ह्यांचं एकच, मॅडम येणार, मॅडम येणार. नातू चालायला लागला. आम्ही फोनमधेच बघतो."

चहा पुढे ठेवून त्या आत गेल्या. अण्णा म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका." मी चहा प्यायले. काय करणार? ते माझ्या भिडेपोटी शटर उघडत होते, मी त्यांच्यासाठी बस धरत होते, आणि मधे तो टॉवेल. मी कोंडले गेले म्हणून मी रडत होते आणि मीच या दोघांना कोंडून ठेवलं होतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. संतापही आला, लाजही वाटली, आणि हसूही येत होतं. नीट असं काहीच आलं नाही.

निघताना अण्णा दारापर्यंत आले. "मग आता ह्या अमावास्येला..." म्हणाले आणि थांबले.

"तुम्ही हैदराबादला जा अण्णा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भीड भिकेची बहीण. त्यांनी बी बोलायचं न्हाय, तू बी इचारायचं न्हाय. आता बसू नको, त्याला फोन लाव आन् बॅग भर."

"परदेशातले लोक आहेत की अजून," मी म्हटलं.

"त्यास्नी आवस कशाला पायजे? त्यांच्या गावाला चांद न्हाय व्हय?"

खरंच होतं. अमावास्या होती ती फक्त अण्णांसाठी. बाकीच्यांना मी कुठूनही, कधीही रिलीज दिला तरी चालणार होता. आता कसलीच अडकाठी नव्हती. मी जाऊ शकत होते. उद्या सकाळी, पहिल्या गाडीने.

फोन लावला. तो नुकताच ऑफिसातून आला होता, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी भडाभडा सगळं सांगितलं. एक पॉइंट नऊ, अक्का, नातू, सगळं. तो मधेच हसला. किती दिवसांनी हसला! मलाही हसू फुटलं. म्हटलं, "फ्लॅट सोडू नकोस. मी येते. कायमची येते."

"खरंच?"

"खरंच."

"कधी येतेस?"

मी भिंतीकडे वळले. हात कॅलेंडरच्या त्या चौकटीवर गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ही अमावास्या झाली की येते."

या वेळी तो बरंही म्हणाला नाही. माझ्या तोंडातून काय गेलं ते मला कळेपर्यंत त्याच्या कुकरची शिट्टी झाली.

"गॅस बंद करतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.